‘फ्री’ची रोख किंमत किती?

रमजानचा तिसरा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस, लागला की सोलापुरात विजापूर वेशीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. तरावीहची नमाज संपते आणि बाजार खऱ्या अर्थानं भरतो. शेवया, सुकामेवा, अत्तर, बांगड्या, चपला, पडदे, प्लास्टिकचे डबे. आमच्या शेजारच्या काकू रोजा धरत नाहीत, पण या बाजाराची एक फेरी त्या कधी चुकवत नाहीत. चादरी इथंच स्वस्त मिळतात, असं त्यांचं पक्कं मत आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

यंदा आम्ही दोघी गेलो तेव्हा काकूंनीच लक्ष वेधलं. ‘‘अगं, यावर्षी सगळं फुकटच चाललंय की.’’ खरंच, दर दुसऱ्या दुकानावर तोच शब्द होता. दोन कुर्त्यांवर एक फ्री. मिक्सरवर इस्त्री फ्री. सरबताच्या बाटलीवर काचेचा ग्लास फ्री. मोबाईलच्या दुकानावर इअरबड फ्री, आणि त्याखाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत ‘शून्य टक्के व्याज’. एरवी मी या पाट्यांकडे बघून पुढं गेले असते. त्या संध्याकाळी जाऊ शकले नाही, कारण दोनच दिवसांपूर्वी एका आईनं मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

मी कॉलेजात वाणिज्य शिकवते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा परीक्षा फीसाठी मुदत मागायला स्टाफरूममध्ये आला. शिष्यवृत्ती जमा झाली नाही का, असं मी विचारलं. जमा झाली होती. त्यानं मोबाईलवरचे मेसेज दाखवले. सकाळी रक्कम जमा, आणि त्याच दिवशी तीन वेळा वजा. एक मोबाईलचा थकलेला हप्ता, एक कंपनीचा दंड, एक बँकेचा दंड. उरलेल्या पैशांत फी बसत नव्हती.

मोबाईल दिवाळीच्या सुमारास घेतलेला. आई विड्या वळते. दर महिन्याला ती तीन हजार बाजूला काढून त्याच्या खात्यात भरायला द्यायची. मध्ये ती पंधरा दिवस तापानं पडून होती, त्या महिन्यात पैसे भरले गेले नाहीत. हप्ता परत गेला, म्हणजे ‘बाऊन्स’ झाला. खातं त्याचं एकच, त्यातच शिष्यवृत्ती यायची आणि त्यातूनच हप्ता कापायची परवानगी त्यानं दुकानात उभ्या उभ्या देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. रोजा होता, त्यामुळं चहा-पाणी विचारायचा प्रश्नच नव्हता. बराच वेळ ती बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, हमारे घर में आज तक किसी ने सूद नहीं दिया. हे दुकानवाले बोलले झीरो टक्का, म्हणून घेतला. मेरे हाथ से सूद हुआ क्या?’’

फीचं तिनं विचारलंच नाही.

मी मुफ्ती नाही, हे मी तिला लगेच सांगितलं. गुनाह कुणाचा आणि किती, हे विचारायला मशिदीत जाणकार माणसं आहेत. मला येतं ते गणित. ते मात्र मी तिच्यासमोर कागदावर मांडलं, आणि वर्गातही तेच फळ्यावर मांडलं.

मोबाईलचा फलकावरचा भाव 18,000 रुपये. हप्ते 3,000 चे, सहा. सहा त्रिक अठरा. वरवर पाहता व्याज शून्य. पण त्याच दुकानात तोच मोबाईल रोखीनं 16,800 ला मिळत होता. रोख देणाऱ्याला 1,200 ची सवलत होती, हप्तेवाल्याला ती नव्हती. शिवाय पहिल्याच दिवशी ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 90, असे 590 रोख घेतले गेले. एकूण खर्च 18,590. रोखीपेक्षा 1,790 रुपये जास्त.

एका विद्यार्थिनीनं लगेच सांगितलं, ‘‘मॅडम, म्हणजे दहा-साडेदहा टक्के.’’ इथंच बहुतेक जण फसतात. सोळा हजार आठशे रुपये सहा महिने त्याच्याकडं राहिलेच नाहीत. दर महिन्याला तीन हजार परत जात होते. पहिला तीन हजारांचा तुकडा त्यानं एकच महिना वापरला, शेवटचा सहा महिने. सरासरी काढली तर साडेतीन महिने. त्या हिशोबानं व्याज बसतं महिन्याला तीन टक्क्यांहून थोडं जास्त, आणि वर्षाला 36 टक्क्यांच्या वर.

शेकडा तीन. वर्गातल्या ज्या मुलांच्या घरात कुणी खासगी सावकाराकडून पैसे घेतले आहेत, त्यांनी तो दर ओळखला. ती मुलं हसली नाहीत. आणि हे दंड धरण्याआधीचं. इअरबड तर पहिल्या महिन्यातच एका कानानं बहिरे झाले होते, असं मुलानं नंतर सांगितलं.

यात कुठलंही गुपित नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. अशा योजनांमध्ये व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपात ग्राहकाकडून वसूल होतं, हेही तिथं नोंदवलेलं आहे. त्यानंतर पाट्यांवरची भाषा बदलली. ‘शून्य व्याज’च्या जोडीला ‘नो कॉस्ट ईएमआय’ आला. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी व्याज लावतेच. विक्रेता किंवा उत्पादक तेवढी सूट मालाच्या किमतीत दाखवतो आणि दोन्ही आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीही लागतो, आणि तो सूट म्हणून परत मिळत नाही. ‘शून्य’च्या योजनेत व्याजावरचा कर भरणारा ग्राहक मी पाहिला आहे. तो स्टाफरूममध्ये माझ्या शेजारीच बसतो आणि अर्थशास्त्र शिकवतो.

आता तिच्या प्रश्नाकडं. इस्लाममध्ये सूद, म्हणजे रिबा, हराम आहे, हे आमच्या हिंदू शेजाऱ्यांनाही ठाऊक असतं. कमी ठाऊक असलेली गोष्ट ही, की व्यापारातला नफा हराम नाही, उधारीही नाही. उधारीवर माल देताना रोखीपेक्षा चढा भाव लावायलाही बहुतेक फिकहकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांनी, मनाई केलेली नाही. अट एवढीच की सौद्यावरून उठण्याआधी एकच भाव ठरलेला असावा, तो दोघांनाही माहीत असावा आणि उशीर झाला म्हणून तो मागून वाढू नये. म्हणजे दुकानदारानं तिला सांगितलं असतं की, ‘‘अम्मा, रोख सोळा-आठशे, सहा महिन्यांच्या उधारीनं अठरा-सहाशे, बघा परवडतंय का,’’ आणि ती हो म्हणाली असती, तर तिला त्या रात्री झोप लागली असती. कदाचित ती नाही म्हणाली असती आणि मुलानं जुनाच मोबाईल आणखी वर्षभर ओढला असता. तिला ही निवड करूच दिली नाही, ही माझी तक्रार आहे. ज्या घरात सूद टाळायचा म्हणून दागिना मोडतात पण कर्ज काढत नाहीत, नेमक्या त्या घराला ‘शून्य टक्के’ हा शब्द सगळ्यांत जास्त भुलवतो.

हजरत मुहम्मद पैगंबरांच्या (स.) चरित्रातला एक प्रसंग रमजानच्या बयानांमध्ये हमखास सांगितला जातो. मदिनेच्या बाजारात ते एका धान्याच्या ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वर कोरडं, आत ओलं. पावसानं भिजलं, असं विक्रेत्यानं सांगितलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. ओलं धान्य विकू नको, असं ते म्हणाले नाहीत. मला या प्रसंगात तेच महत्त्वाचं वाटतं. माल कसाही असो, ओला भाग वर हवा. आजच्या पाटीवर ‘फ्री’ वर असतं आणि ओला भाग ‘अटी लागू’ नावाच्या, मुंगीएवढ्या अक्षरांच्या ओळीत खाली दडलेला असतो.

वर्गात हे सांगत असताना मागच्या बाकावरून एकानं मला अडवलं. ‘‘मॅडम, भाजीवाली मावशी कढीपत्ता वर टाकते, तोही फुकट नसतोच की. भाजीच्या भावात धरलेला असतो.’’ मुलगा हुशार आहे आणि त्याचं बरोबर आहे. व्यापारात फुकट काही नसतं, कढीपत्तासुद्धा. पण मावशीची भेंडी पाव किलोला किती, हे शेजारच्या गाड्यावर लगेच पडताळता येतं. कढीपत्ता नको म्हटलं तर ती रागावत नाही. तो घेतला म्हणून सहा महिने आपल्या खात्यातून काही कापलं जात नाही. माझी आई तर कढीपत्ता न देणाऱ्याकडून भाजीच घेत नसे, तो भाग वेगळा.

कायद्याचं बोट नेमकं याच जागी आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात हे स्पष्ट येतं : एखाद्या वस्तूची किंमत दुसऱ्या वस्तूच्या दरात पूर्ण किंवा अंशतः धरलेली असताना ती मोफत दिल्याचा भास निर्माण करणं. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ‘मोफत’साठी वेगळं कलमच आहे. घरपोच पोहोचवण्यासारखा टाळता न येणारा खर्च सोडून ग्राहकाला काहीही द्यावं लागत असेल, तर ‘फ्री’ म्हणायचं नाही. पॅकिंगचे, हाताळणीचे पैसे लावायचे आणि वर ‘फ्री’ म्हणायचं, हे चालणार नाही. जी वस्तू घेतल्यावर दुसरी फुकट मिळते, तिचा भाव त्या योजनेपायी वाढवायचा नाही, तिचा दर्जा किंवा वजनही उतरवायचं नाही. आता दोन कुर्त्यांवर एक फ्रीवाला ढीग जरा उलटसुलट करून पाहा. शिवणीत सोडलेलं कापड, अस्तर आणि चिकटवलेली नवी किंमत यांकडं बघा. काकूंनी बघितलं आणि कुर्ता परत टाकला. चादर मात्र घेतलीच.

या विक्रेत्यांवर मी सरसकट आरोप करत नाही. पदपथावर महिनाभर उभा राहणारा पोरगा स्वतःच उधारीवर माल आणतो आणि ईदच्या सकाळपर्यंत उरलेलं पडेल भावात काढतो. त्याच्या ‘फ्री’त चलाखी असली तरी ती दिसते, हातात घेऊन उसवता येते. जी दिसत नाही, ती अधिक महाग पडते. ती बहुतेक वेळा मोबाईलमध्ये असते.

त्याचं एक उदाहरण याच महिन्याशी जोडलेलं आहे. नमाजच्या वेळा, किब्ल्याची दिशा, सहरी-इफ्तारचं वेळापत्रक दाखवणारी मोफत ॲप आमच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. किब्ला दाखवायचा तर आपण कुठं उभे आहोत, हे ॲपला कळावं लागतं. नोव्हेंबर 2020 मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकानं बातमी दिली की, जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या ‘मुस्लिम प्रो’ या ॲपमधली ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडं जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. आम्ही लष्कराला माहिती विकली नाही, असं ॲपवाल्यांनी सांगितलं आणि एक्स-मोडशी व्यवहार थांबवला. पुढं जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्या माहिती विकणाऱ्या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी घातली. माणूस कुठल्या मशिदीत, मंदिरात, दवाखान्यात किंवा वकिलाकडं जातो, हे कुणाला कळावं याची किंमत रुपयांत मोजता येत नाही. ॲप मात्र फ्री होतं. मी स्वतः ते वापरत होते. आता मशिदीनं छापलेला वेळापत्रकाचा कागद फ्रीजवर चिकटवला आहे. त्यावर एका मिठाईच्या दुकानाची जाहिरात आहे, तीही मोठ्या अक्षरांत, सगळ्यांना दिसेल अशी.

‘सात दिवस मोफत’वालेही आहेतच. कुराणपठण शिकवणारे, इंग्रजी शिकवणारे, सिनेमा दाखवणारे. सुरुवातीलाच कार्ड किंवा यूपीआय जोडून घेतात आणि आठव्या दिवशी पैसे कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशी आपोआप होणारी वजावट करण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. ती येते, पण कर्जाच्या, रमीच्या आणि लकी ड्रॉच्या मेसेजांच्या ढिगाऱ्यात ती वाचतो कोण? सुरू करायला एक बटण, बंद करायला सात पायऱ्या, या प्रकाराला केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हटलं आहे. अशा तेरा क्लृप्त्यांना तिथं मनाई आहे. त्यातली एक वाचून मी थबकले. ऑनलाइन खरेदीत पैसे भरताना ग्राहकाला न विचारता दानाची रक्कम बिलात घुसवणं. आमच्याकडं नीयत, म्हणजे मनातला इरादा, नसेल तर रोजा होत नाही, जकात होत नाही. आणि इथं यंत्र आपल्या वतीनं सदका करून मोकळं होतं.

दानाचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरचंही बोललं पाहिजे. रमजानमध्ये रेशनच्या पिशव्या वाटल्या जातात. पिशवीवर देणाऱ्याचा फोटो, घेताना घेणाऱ्याचा फोटो, संध्याकाळी स्टेटसवर दोन्ही. हीसुद्धा एक फ्री ऑफर आहे आणि तिचीही वसुली होते, फक्त ती रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यातून. उपकार बोलून दाखवला, मन दुखावलं, की दान वाया जातं, असं कुराणात स्पष्ट सांगितलेलं आहे. हे मी लिहिल्यावर दोन-चार फोन येतील. येऊ देत. त्याच बाजारात मगरिबच्या अजानला जो माणूस अनोळखी वाटसरूच्या हातात खजूर आणि पाण्याचा ग्लास ठेवून नाव न विचारता पुढं सरकतो, त्याची पाटी कुठंही नसते.

त्या मुलाच्या कर्जाचं पुढं काय झालं, हे सांगायचं राहिलं. कर्जाचा कागद त्याच्याकडं नव्हताच. दुकानातल्या मुलानं ओटीपी विचारला, यानं सांगितला, सही झाली. आमच्या आजोबांच्या काळी सावकाराच्या वहीवर अंगठा लागायचा, त्यात निदान वही समोर असायची. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बँकांना आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत, आणि सगळे आकार धरून वर्षाला खरा दर किती बसतो, तो आकडा त्यावर छापलेला हवा. आम्ही ईमेल करून तो कागद मागवला. आला, इंग्रजीत. पहिल्या पानावर वार्षिक दराचा आकडा होता आणि तो शून्य नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मुलानं तक्रार नोंदवली आहे. बघू. फी भरायला कॉलेजनं ईदनंतरची तारीख दिली.

आणि परवा, तरावीहनंतर, ती मला विजापूर वेशीतच भेटली. धाकट्या मुलीसाठी शिलाई मशीन बघत होती. दुकानाच्या काचेवर तीच पाटी, कात्रीचा सेट फ्री, शून्य टक्के, आजच घेऊन जा. विक्रेत्यानं सवयीनं विचारलं, ‘‘ताई, आधार आणलंय ना?’’ ती म्हणाली, ‘‘आधार बाजूला ठेव भाई. कात्री पण नको. नगद का भाव बोल.’’

त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि कॅल्क्युलेटर पुढं ओढला. भाव सातशेनं उतरला. तिनं तो माझ्याकडून कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घेतला, चिठ्ठी ओढणीच्या टोकाला बांधली आणि पुढच्या दुकानात विचारायला निघाली.